१०२४ जणांत न बसणारी

शेजारच्या अमेरिकन आजींनी जेवणाच्या टेबलावर आपली वंशावळ पसरली, तेव्हा माझी नजर एका अर्धवट चौकोनावर जाऊन थांबली. सतराव्या शतकात मॅसॅच्युसेट्समध्ये संसार केलेली एक बाई. नाव होतं, माहेरचं आडनाव नव्हतं. नाशिकला उपाध्यायांच्या वहीत आमच्या घराण्याची पानं मी पाहिली आहेत. तिथेही खापरपणजोबांपर्यंत पुरुष ओळीने उभे आहेत आणि पणजी कुठेच नाही. म्हणून आजींनी नेमलेल्या संशोधक बाई अभिलेखागारात निघाल्या, तेव्हा मीही सोबत गेले.

बोस्टनच्या कोलंबिया पॉइंटवर, समुद्राच्या काठाला राज्याचं हे दप्तर आहे. पेन बाहेर ठेवायचं, पेन्सिल तेवढी आत न्यायची. बाईंनी गठ्ठ्याची दोरी सोडली आणि घडीचा कागद उलगडला. मला जुन्या कापसाचा, जरा आंबूस वास आला. चिंध्यांच्या लगद्याचा कागद तो, अजून चिवट होता. शाई मात्र लोखंडाची असल्याने गंजासारखी तांबूस झाली होती.

“दहा पिढ्या मागे गेलं की हिशेबाने १०२४ पूर्वज होतात,” बाई म्हणाल्या. “माझ्याकडे येणाऱ्यांना त्यातला एकच हवा असतो. मेफ्लॉवरवरचा.” १६२० साली त्या जहाजातून १०२ प्रवासी आले आणि पहिल्याच हिवाळ्यात त्यातले निम्मे गेले.

मॅसॅच्युसेट्सच्या वसाहतीने १६३९ मध्येच जन्म, लग्न आणि मृत्यूची नोंद सक्तीची केली, हे शोधणाऱ्याचं भाग्य. तरी तारखा चकवतात. १७५२ पर्यंत इंग्रजांचं वर्ष २५ मार्चला लागायचं, आपल्या पाडव्याच्या सुमाराला. त्यामुळे फेब्रुवारीत जन्मलेल्या मुलापुढे १६९१/९२ अशी दोन सालं दिसतात.

“माणूस सापडत नसेल तर त्याचे शेजारी शोधा,” हा बाईंचा मंत्र. ही माणसं एकेकटी हललीच नाहीत. १६३६ मध्ये थॉमस हूकर या धर्मोपदेशकाच्या मागोमाग शंभरेक माणसं गुरं हाकत आजच्या केंब्रिजहून हार्टफर्डला गेली. पुढे नातवंडांना जमीन पुरेना, तशी घराणी उत्तरेला आणि पश्चिमेला सरकली. १८१६ च्या उन्हाळ्यात दंव गोठून मका करपला, तेव्हा कित्येकांनी ओहायोची वाट धरली. आजींचं घराणंही ओहायोचंच. माणसं अशी शेजाराशेजाराने राहत आणि हलत, तेव्हा माहेरचं आडनाव हरवलेल्या त्या सुनेचा बाप बहुधा दोन शेतं पलीकडे राहत असणार, आणि त्याच्या मृत्युपत्रात ‘माझी मुलगी, अमक्याची बायको’ एवढी ओळ असली की काम झालं. त्या ओळीसाठी बाई शेजाऱ्यांची मृत्युपत्रं एकामागून एक वाचत होत्या.

मध्येच त्या सुनेच्या मुलाच्या मालमत्तेची यादी निघाली. माणूस गेला की गावातले दोन-तीन जाणते त्याच्या घरात फिरून एकेका वस्तूची किंमत लावत. पिसांची गादी, कथिलाची भांडी, चरखा, गाय. गाईच्या खालच्या ओळीत एक काळी गुलाम स्त्री. नुसतं नाव आणि पुढे पौंडांतला आकडा. त्या वसाहतीच्या कायद्याने १६४१ मध्येच गुलामगिरीला जागा करून दिली होती.

बाईंनी मृत्युपत्रं बाजूला सारली. पिशवीतून एक छोटी वही काढून त्यांनी ते नाव, मालकाचं नाव आणि कागदाचा क्रमांक सावकाश उतरवला. याचे पैसे त्यांना कोणी देत नाही. ही त्यांची दुसरी वही. “हिचं कोणी शोधत आलं तर सुरुवात कुठून करायची?” त्या म्हणाल्या.

हिच्यासारखीच मेडफर्डच्या रॉयल घराण्याकडे गुलाम असलेली बेलिंडा होती. तिने १७८३ मध्ये थेट विधिमंडळाकडे अर्ज केला: माझ्या कष्टांवर साठलेल्या संपत्तीतून मला काही द्या. सहीच्या जागी फुली. वर्षाला १५ पौंड १२ शिलिंग मंजूर झाले, पण ते मिळवायला तिला पुन्हा पुन्हा अर्ज करावे लागले. त्यातल्या १७८८ च्या अर्जात ती बेलिंडा सटन आहे. तिचं आडनाव आज कळतं ते तिने पिच्छा सोडला नाही म्हणून. यादीत गाईखालच्या ओळीतल्या त्या स्त्रीला तेवढी संधीही मिळाली नसेल. त्या घरातली पोरं तिच्याच कडेवर वाढली असतील, हे माझ्या डोक्यातून जात नाही.

तीन आठवड्यांनी आजींचा फोन आला. सुनेचं माहेर सापडलं, खरंच दोन शेतं पलीकडे. आवाजात आनंद मावत नव्हता. मी त्यांना त्या दुसऱ्या नावाविषयी विचारलं.

“ती माझ्या १०२४ मध्ये येत नाही ना,” त्या म्हणाल्या. मग बराच वेळ काही बोलल्या नाहीत. पेन्सिल शोधल्याचा आवाज आला.

“कसं लिहितात ते नाव?”

मी एकेक अक्षर सांगत गेले.