शितावरून भाताची परीक्षा

पंगतीस किती मंडळी येणार याचा अदमास न घेतां जी गृहिणी दोनशे पानांचा स्वयंपाक सिद्ध करते, तिच्या सुगरणपणाविषयीं कोणी शंका घेणार नाहीं. परंतु अन्न टाकून देण्याची वेळ आली म्हणजे त्या सुगरणपणाचा उपयोग काय? सॉफ्टवेअरच्या, म्हणजे संगणकास पुरवावयाच्या आज्ञावलींच्या, धंद्यांत नव्यानें पडणाऱ्या मंडळींवर हाच प्रसंग वारंवार येतो. नोकरी सोडून, घरची पुंजी गुंतवून तरुण माणसें वर्ष दोन वर्षें खपतात. वस्तु निर्दोष उतरते, पण ती कोणासच नको असते. ही नासाडी टाळण्याचें एक शास्त्र आहे, आणि त्याचा उगम विणकराच्या मागांत आहे.

जपानांत एका सुताराच्या घरीं जन्मलेल्या साकिची टोयोडा यांनीं १९२४ सालीं एक स्वयंचलित माग पूर्णतेस नेला. धागा तुटतांच तो माग आपोआप थांबे. त्यामुळें सदोष कापड वाढत जात नसे, व एकाच कामगारास अनेक माग संभाळतां येत. १९३७ सालीं त्यांच्या मुलाच्या पुढाकारानें टोयोटा मोटार कंपनी निघाली. महायुद्धानंतर तेथील तैइची ओनो यांनीं मागाचा तो धडा सबंध कारखान्यास लावला. दोष दिसतांच साध्या कामगारानेंही काम थांबवावें, आणि ‘कां?’ हा प्रश्न लागोपाठ पांच वेळां विचारून मूळ कारण गांठावें, अशी शिस्त त्यांनीं घातली. अमेरिकेंतील मोठ्या दुकानांत गिऱ्हाईक उचलील तेवढाच माल फळीवर पुन्हां मांडतात. त्याच रीतीनें, पुढच्या खात्याकडून मागणीची पाटी आल्यावांचून मागच्या खात्यानें माल करूं नये असें ठरलें. या पाटीलाच कानबान म्हणतात. गुदामांत सांचलेला माल ही श्रीमंती नसून अडकलेलें भांडवल आहे, हें त्यामागील तत्त्व. या पद्धतीस ‘लीन’, म्हणजे सडपातळ, हें नांव १९८८ सालीं जॉन क्रॅफसिक यांनीं दिलें.

आज्ञावलींच्या धंद्यांत गुदाम दिसत नाहीं. म्हणून तेथील सांठा अधिक घातक. २००४ सालीं कॅलिफोर्नियांत एरिक रीस व त्यांच्या सहकाऱ्यांनीं आय्.एम्.व्ही.यू. नांवाची कंपनी काढली. लोक जीं संभाषणाचीं साधनें आधींच वापरीत होते, त्यांस जोडावयाची आज्ञावली त्यांनीं सहा महिने खपून लिहिली. लोकांपुढें ठेवल्यावर कळलें, कीं ही जोड कोणास नको होती; अपरिचित वस्तु वापरण्यास स्वतःच्या मित्रांना बोलावण्याचा त्यांना संकोच वाटे, आणि नवे मित्र मिळाले तर मात्र हवे होते. हजारों ओळी टाकून द्याव्या लागल्या. हा प्रश्न पहिल्याच महिन्यांत कां विचारला नाहीं, या खंतींतून रीस यांचा विचार घडला, व २०११ सालीं तो पुस्तकरूपानें आला.

त्याचें सार आपल्याकडील म्हणींतच आहे: शितावरून भाताची परीक्षा. १९९९ सालीं निक स्विनमर्न यांस पादत्राणें इंटरनेटवर विकावयाचीं होतीं. त्यांनीं प्रथम गुदाम भरलें नाहीं. जवळच्या दुकानांतील जोड्यांचीं छायाचित्रें घेऊन तीं प्रसिद्ध केलीं, आणि मागणी येईल तेव्हां तोच जोड दुकानांतून विकत घेऊन पाठविला. यांत नफा नव्हता. पण माणसें पायांत घालून न पाहतां जोडे विकत घेतील काय, या एकाच प्रश्नाचें उत्तर थोडक्या खर्चांत मिळालें. झॅपॉस नांवाची ही कंपनी पुढें २००९ सालीं ॲमेझॉननें घेतली.

मात्र शीत चांचपावयाचें म्हणजे कच्चा भात वाढावयाचा नव्हे. रुग्णालयांतील यंत्रें चालविणारी आज्ञावली अर्धवट स्थितींत लोकांवर सोडतां येत नाहीं; तेथें परीक्षा कागदावर, नमुन्यावर घ्यावी लागते. तसेंच ‘सडपातळ’ याचा अर्थ माणसें कमी करणें असा घेणाऱ्या मालकांस मागाचा धडा कळलाच नाहीं. तुटलेला धागा प्रथम दिसतो तो कामगारास; त्याच्या हातीं थांबविण्याचा अधिकार नसेल, तर माग चालतच राहतो. पैसा पुन्हां मिळवितां येतो. तरुणपणचीं दोन वर्षें मिळवितां येत नाहींत. तीं वांचविणें हाच या काटकसरीचा खरा हेतु आहे.