चुलीवर भाकरी करताय? सरपण कुठं वाया जातं ते आधी बघा

गॅस घरात आला, तरी भाकरीपुरती चूल अजून अनेक घरांत पेटते. कुणाला चुलीवरची चव लागते, कुणाला सिलिंडर महिनाअखेरपर्यंत पुरवायचा असतो. सरपण फुकटचं, असं आपण म्हणतो. पण ते तोडायचं, डोक्यावरून आणायचं आणि धुरात बसून जाळायचं काम घरातल्या बाईलाच पडतं. म्हणून हा हिशेब समजून घ्या.

100 भाग उष्णता, कामाला येते किती?

साध्या मातीच्या चुलीत लाकडाच्या 100 भाग उष्णतेपैकी जेमतेम 10 ते 15 भाग भांड्याला मिळतात. बाकीची उष्णता धुरातून, चुलीच्या तोंडातून आणि भिंतीतून निघून जाते. सुधारित चुलीसाठी भारतीय मानक किमान 25 भागांचं आहे, पंख्याच्या चुलीसाठी 35 आणि गॅस शेगडीसाठी 68. म्हणजे एक किलो गॅसचं काम करायला साध्या चुलीत साधारण 15 किलो वाळलेलं लाकूड लागतं.

ही मापं पाण्याचं भांडं ठेवून घेतात. तवा तर वरून उघडाच असतो, त्यामुळं भाकरीला उष्णता आणखी वाया जाते.

धूर म्हणजे न जळालेलं सरपण

जळणाला पुरेशी हवा मिळाली नाही किंवा ते ओलं असलं की धूर होतो. नुकत्याच तोडलेल्या लाकडात जवळजवळ निम्मं वजन पाण्याचं असतं. आधी ते पाणी उडवण्यात उष्णता जाते, मग तवा तापतो. त्यामुळं डोळे चुरचुरले की समजा, सरपणही वाया चाललंय.

खर्च न करता काय करता येईल?

• सरपण पावसाआधीच फोडून आडोशाला रचा. जाड ओंडक्यापेक्षा मनगटाएवढी ढलपी बरी.
• लाकूड थेट राखेवर ठेवू नका. खाली लोखंडी जाळी ठेवून ती दोन विटकरींच्या तुकड्यांवर उचलून घ्या. खालून हवा गेली की फुंकणी कमी लागते.
• चुलीचं तोंड लाकडांनी गच्च भरू नका. निम्मी जागा हवेला सोडा.
• तवा आणि चुलीच्या काठात बोटभर फट पुरे. जास्त असली तर जाळ बाजूनं निघून जातो, अगदीच नसली तर धूर कोंडतो.
• पीठ मळून, सगळी तयारी झाल्यावरच चूल पेटवा. सगळ्या भाकरी एका दमात करा. वैलावर पाण्याचं भांडं ठेवा, म्हणजे आंघोळीचं पाणीही तापतं.
• शेवटच्या दोन भाकरी राहिल्या की लाकूड मागं ओढा. बीडाचा तवा तापलेलाच असतो आणि भाकरी फुगवायला आर पुरतो.

गॅसवर करणाऱ्यांनी तव्याबाहेर जाळ जाऊ देऊ नये. तवा तापला की आच कमी करावी. जाळ पिवळा दिसला तर बर्नर साफ करावा.

धुराड्याकडे दुर्लक्ष नको

1980 च्या दशकात सरकारी योजनेतून गावोगावी निर्धूर चुली बसल्या. धुराडं काजळीनं तुंबलं की मात्र त्याच चुली घरभर धूर करू लागल्या. घरी धुराडं असेल तर ते वरचेवर साफ करा. नसेल तर निदान खिडकी उघडी ठेवा आणि लहान लेकरांना चुलीपासून लांब बसवा.

फरक पडतो का, ते स्वतःच मोजा. तीन दिवस नेहमीच्या पद्धतीनं दहा भाकरी करा आणि किती लाकूड जळलं ते काट्यावर बघा. मग जाळी ठेवून, वाळलेल्या ढलप्या वापरून तीन दिवस करा. भाकरी तेवढ्याच झाल्या आणि मोळी उरली, तर सरपणाची एखादी खेप नक्की वाचेल.