मालमोटारीतील तापमापक का फसतो?

मुलुंड-घाटकोपरच्या रस्त्यावर खोळंबलेल्या मालमोटारीतील आकडा बाहेरच्या हवेचे तापमान पुष्कळदा प्रत्यक्षाहून अधिक दाखवितो. तापमापक बहुधा समोरच्या बंपरापाशी असतो. गाडी थांबली की एंजिनाची व डांबराची उष्णता त्याच्याभोवती साचते. हिमप्रदेशात पुढे बर्फ सारणारे पाते बसविले तर वारा अडतो आणि चालत्या गाडीतही हा दोष राहू शकतो. सांताक्रूझच्या वेधशाळेत मात्र तापमापक पांढऱ्या, झरोक्यांच्या पेटीत, जमिनीपासून सुमारे १.२५ मीटरवर असतो.

आरे वसाहत १९४९ साली वसली. तेथील म्हशींना ऊन सोसत नाही, कारण काळी कातडी व घर्मग्रंथी थोड्या. चारा आणणाऱ्या गाडीचा आकडा पाहून पाण्याचा फवारा ठरवू नये. गोठ्यातच, म्हशींच्या उंचीवर, पत्र्यापासून दूर तापमापक टांगावा.