साठ अंशांचं पाणी

शर्यत जिंकलेला माणूस जागचा हलत नव्हता, हे माझ्या जरा उशिराच लक्षात आलं. बीजिंग हिवाळी ऑलिंपिक, ११ फेब्रुवारी २०२२, पुरुषांची १५ किलोमीटर क्रॉस-कंट्री स्कीइंगची शर्यत. आम्ही सिंगापुरात, पंख्याखाली बसून बघत होतो. सुवर्णपदक फिनलंडच्या ईवो निस्कानेनचं झालं होतं. त्याचं अभिनंदन करून झालं, तरी तो शेवटच्या रेषेपाशीच उभा राहिला, कडाक्याच्या थंडीत, घामाने ओल्या अंगाने. कोलंबियाचा कार्लोस क्विंताना अजून यायचा होता, विषुववृत्तावरच्या देशातला, सगळ्यात शेवटचा. दोघांच्या वेळेत जवळजवळ १८ मिनिटांचं अंतर होतं. तो आला तेव्हा निस्कानेनने त्याला मिठी मारली.

निस्कानेन कोण, हे मी नंतर शोधलं. उत्तर फिनलंडमधल्या औलूचा जन्म. २०१४ ला सोचीत सामी याउहोयार्वीच्या जोडीने सांघिक स्प्रिंटचं सुवर्ण, २०१८ ला प्योंगचांगमध्ये ५० किलोमीटरचं आणि मग हे बीजिंगचं. आदल्याच दिवशी त्याची मोठी बहीण केर्त्तू हिचं महिलांच्या १० किलोमीटरमधलं सुवर्ण ०.४ सेकंदाने हुकलं होतं. ज्या घरात ०.४ सेकंद काय असतं हे ठाऊक आहे, त्या घरातला मुलगा १८ मिनिटं मागे असलेल्याची वाट बघतो. ते दृश्य माझ्या डोक्यातून गेलं नाही. आणि त्यापाठोपाठ एक प्रश्न आला: विषुववृत्तापासून दीडशे किलोमीटरही दूर नसलेल्या या बेटावर कुणी बर्फावरचा खेळ शिकायचा ठरवलं, तर तो नेमकं काय करतो?

उत्तराचा एक भाग कागदोपत्री सापडतो. २०१८ च्या त्याच प्योंगचांगला सिंगापूरने हिवाळी ऑलिंपिकमधला आपला पहिला खेळाडू पाठवला. शायान गोह, वय १८, शॉर्ट ट्रॅक स्पीड स्केटिंग, १५०० मीटर. ध्वज तिच्याच हाती, कारण संघात दुसरं कुणी नव्हतंच. ती चार वर्षांची असताना घरचे कॅनडाला गेले आणि बर्फाशी तिची ओळख तिथे झाली. प्रशिक्षक होत्या दक्षिण कोरियाच्या चुन ली-क्यूंग, लिलेहामर आणि नागानो मिळून चार सुवर्णपदकांच्या मानकरी. शायान प्राथमिक फेरीतच बाहेर पडली. मी हे वाचलं तेव्हा मला ते अपयश वाटलं नाही, आजही वाटत नाही.

दुसरा भाग बघायला मी जुलै २०२३ मध्ये जेक्यूबला गेले. जुरॉंग ईस्ट स्टेशनलगतचा हा मॉल. त्यातलं बर्फाचं मैदान २०१२ ला सुरू झालेलं, देशातलं ऑलिंपिक मापाचं एकमेव. लांबी ६० मीटर, रुंदी ३०. ऑगस्टमध्ये सगळंच बंद होणार हे जाहीर झालं होतं. महिना हातात होता.

बाहेर सकाळीच अंगाला चिकटणारी हवा. आत शिरल्यावर आधी लागला तो वास: ओल्या रबरी चटया, मोजे, लोखंड. मुलं बाकावर बसून स्केट आवळत होती. एक आई जमिनीवर मांडी घालून पात्यांना धार लावत होती. जोडीतले दोन्ही स्केट एका चौकटीत उलटे अडकवायचे आणि दोन्ही पात्यांवरून एकदमच निसणा फिरवायचा, सावकाश, एका दाबाने. मग कडेला वळलेली बारीक जीभ दुसऱ्या छोट्या दगडाने काढायची. आमच्या घरी विळीला धार लावून झाली की आजी अंगठ्याच्या नखावर पातं टेकवून बघायची. या बाईंनीही तेच केलं. पाती सरळ नसतात, डावीकडे किंचित वाकवलेली असतात आणि बुटाखाली मधोमध न बसवता डावीकडे सरकवलेली असतात, कारण शॉर्ट ट्रॅकमध्ये वळण कायम डावीकडेच.

पण मी जिथे अडकले ते बर्फ घोटायच्या यंत्रापाशी. सगळे त्याला झॅम्बोनीच म्हणतात. ते चालवणारे साठीकडे झुकलेले मलय गृहस्थ, मुलांचे ‘अंकल’. ते टाकी भरत होते आणि पाण्यातून वाफ निघत होती. बर्फावर कढत पाणी! मला तांब्याचा बंब आठवला, न्हाणीघरातली तीच वाफ.

“किती गरम?” मी विचारलं.

“साठ, ला,” अंकल म्हणाले. “कमी नको. साठ.”

गार पाण्यात हवा विरघळलेली असते, ते गोठलं की बर्फ गढूळ आणि ठिसूळ होतो. तापवलेल्या पाण्यातली हवा निघून जाते. शिवाय ते जुन्या बर्फाचा वरचा पापुद्रा विरघळवून त्यात मिसळतं आणि थर एकजीव बसतो. खाली काँक्रीटच्या पोटात नळ्यांचं जाळं असतं, त्यातून शून्याखाली गेलेलं पण न गोठणारं द्रावण फिरत राहतं. उन्हाळ्यात पॉट आइस्क्रीम करताना बर्फात खडे मीठ घालायचो, त्याचंच हे मोठं रूप. यंत्र पृष्ठभाग तासतं, कीस पोटात घेतं, मागून ओलं फडकं ओढत साठ अंशांच्या पाण्याचा पातळ थर सोडतं. मागे राहतं ते काळसर, आरशासारखं चकाकणारं. तासलेला कीस कोपऱ्यात ओतला की लहान मुलं मुठी भरून घेतात, गोळेवाल्याच्या गाडीभोवती जमल्यासारखी.

हा सगळा खटाटोप कृत्रिम आहे, असं कुणी नाक मुरडून म्हणालं की मला वूओकाट्टी सांगावंसं वाटतं. हिवाळा ज्यांच्या अंगणात येतो त्या फिनलंडने तिथे १९९७ मध्ये स्कीइंगसाठी जगातला पहिला बोगदा बांधला, सव्वा किलोमीटरच्या आसपास लांबीचा, म्हणजे भर उन्हाळ्यातही आत बर्फ. त्याखेरीज तिथले स्कीपटू उन्हाळाभर चाकांच्या स्की लावून डांबरी रस्त्यांवर मैलोन्‌मैल काढतात. आपल्याकडे मनालीचा शिवा केशवन घसरगाडीला चाकं लावून हिमालयाच्या घाटरस्त्यांवर सराव करत राहिला आणि सहा ऑलिंपिक खेळला. थंडी कुणालाच पुरत नाही. ती कुणीतरी रोज घडवावी लागते, आणि घडवणाऱ्याचं नाव निकालात येत नाही.

सराव सुरू झाला. एक फेरी १११.१२ मीटरची, म्हणजे १५०० मीटरला साडेतेरा फेऱ्या. वळणावर शरीर इतकं झुकतं की डाव्या हाताची बोटं बर्फाला टेकतात, म्हणून हातमोज्याच्या टोकांना कडक आवरण असतं. वळणावरचे काळे ठोकळे मधूनमधून सरकवावे लागतात, नाहीतर एकाच जागी बर्फाला चर पडतो. आवाज म्हणाल तर कापड फाडल्यासारखा. भिंतीलगतच्या जाड गाद्यांवर कुणी ना कुणी जाऊन आदळत होतं आणि उठत होतं. त्यांच्यातलं कुणी पदक आणेल का, हे मी विचारलं नाही. या मुलांकडे बघताना तो प्रश्न मला क्षुद्र वाटला.

शिट्टी झाली, मुलं बाहेर आली. एक मुलगी मात्र अजून फिरत होती, दहाअकरा वर्षांची असेल. दोनदा पडली होती, तिच्या फेऱ्या राहिल्या होत्या. अंकलनी दार उघडून यंत्र तोंडाशी आणून ठेवलं होतं. टाकी भरलेली, वाफ निघत होती.

“पाणी निवेल ना?” मी म्हटलं.

त्यांनी टाकीवर तळवा ठेवला. “पंचावन्न झालं असेल.”

मुलगी वळणावरून आली, आमच्या समोरून गेली. त्यांनी दोन बोटं वर केली, तिनेही मान हलवली. अजून दोन फेऱ्या. अंकल स्टिअरिंगवरचे हात काढून मागे टेकून बसले.