सटवाईचा जोक

बाळ झोपेत हसलं की अख्खं घर पाळण्याभोवती गोळा होतं. पण ते हसतं कुणाकडे बघून? आजीचं उत्तर वेगळं, डॉक्टरांचं वेगळं. आणि रात्री तीनला जागी असलेल्या आईचं तर भलतंच!

रात्रीचे पावणेतीन. कोथरूडमधला आमचा टू बीएचके. चार बायका जाग्या आणि पाचवी नुकतीच झोपलेली. पाचवी म्हणजे चिऊ, माझी भाची. वय अकरा दिवस, वजन अजून अडीच किलोलाही न पोचलेलं. दीड तास घसा फोडून रडल्यावर बाईसाहेब दूध पिऊन दुपट्यात गुरफटून पडल्या होत्या. आणि पडल्या पडल्या ओठांचा एक कोपरा वर गेला. मग दुसरा. गाल फुगले, बंद पापण्यांखाली बुबुळं हलली आणि दोन सेकंदांत पाटी पुसावी तसं सगळं साफ.

"अगं बाई, हसली!" आई कुजबुजली.

"सटवाई हसवतेय तिला," आजीनं निकाल दिला.

मी मोबाइल शोधेपर्यंत शो संपला होता. तेवढ्यात ताई म्हणाली, "जागी असते तेव्हा माझं तोंड बघून भोकाड पसरते. झोपली की हसते. म्हणजे मी दिसत नाही तेव्हाच खूश असते."

आम्ही तिघी खुसखुसलो. सॉलिड जोक होता ना! ताई स्वतः हसली नव्हती, हे माझ्या लक्षात यायला मात्र दोन दिवस लागले.

गॅस की सटवाई?

सटवाई तुम्हाला माहीत असेलच. बाळाच्या पाचव्या-सहाव्या दिवशी तिची पूजा मांडतात, कोरा कागद आणि पेन ठेवतात. रात्री ती येऊन बाळाच्या कपाळावर नशीब लिहून जाते म्हणे. बाळाला झोपेत हसवणं आणि रडवणं हे तिचं साइड प्रोफाइल. सिक्युरिटी गेट आणि इंटरकॉम असलेल्या सोसायटीतही ती बरोबर फ्लॅट शोधून येते, हे मला लहानपणापासून जाम इम्प्रेसिव्ह वाटत आलंय.

शेजारच्या काकूंचं म्हणणं वेगळं. "गॅस गं, दुसरं काय?" ही थिअरी ऐकायला सायंटिफिक वाटते, पण तीच जास्त फुसकी निघते. पोटात गॅस झालेलं बाळ पाय पोटाशी घेतं, लाल होतं, कण्हतं. हसत नाही. हसण्याचा संबंध पोटाशी नसून झोपेशी आहे, आणि तोही एका विशिष्ट प्रकारच्या झोपेशी.

ही झोप सापडली त्याची स्टोरी भन्नाट आहे. शिकागो युनिव्हर्सिटीत नेथनिएल क्लाइटमन हे झोपेवर संशोधन करणारे प्रोफेसर. त्यांनी युजीन असेरिन्स्की या विद्यार्थ्याला काम दिलं, झोपलेल्या बाळांच्या पापण्या बघत बसण्याचं. (आपल्या बॉसबद्दल तक्रार करण्याआधी हे आठवा.) बाळांच्या पापण्यांखालच्या हालचालींपासून सुरू झालेलं हे प्रकरण मग असेरिन्स्कीच्या आठ वर्षांच्या मुलापर्यंत पोचलं. त्याच्या डोळ्यांशेजारी तारा चिकटवून रात्रभर नोंदी घेतल्या गेल्या. १९५३मध्ये दोघांनी जाहीर केलं की झोपेत ठरावीक वेळानं डोळे वेगानं फिरतात. हीच ती 'रेम' झोप, जिच्यात आपल्याला ठळक स्वप्नं पडतात.

मोठ्यांच्या झोपेत रेमचा वाटा साधारण पाव असतो. नवजात बाळ दिवसाला सोळा-सतरा तास झोपतं आणि त्यातला जवळजवळ अर्धा वेळ याच प्रकारच्या झोपेत असतं. डॉक्टर तिला अ‍ॅक्टिव्ह स्लीप म्हणतात. शेजारी बसून बघितलंत तर ओळखता येते. श्वास कमी-जास्त होतो, बोटं थरथरतात, भुवया आक्रसतात, ओठ चुळुकचुळुक करतात. आणि मधूनच ते हसू.

आपण अंथरुणावर पडलो की आधी शांत झोपेत उतरतो, रेम नंतर येते. नवजात बाळाचं उलटं. ते डोळे मिटल्यावर थेट अ‍ॅक्टिव्ह स्लीपमध्ये शिरतं. म्हणून दूध पिता पिता डोळा लागला की लगेच हसू दिसतं आणि आपण म्हणतो, पोट भरलं म्हणून हसलं!

अजून टेस्टिंग सुरू आहे

अमेरिकेत रॉबर्ट एम्डी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६०च्या दशकाच्या शेवटी आणि नंतरची काही वर्षं नवजात बाळांच्या या हसण्याचा पाठपुरावा केला. त्यांना दिसलं की बाहेर काही घडलेलं नसतानाही रेम झोपेत हसू येतं. वेळेआधी जन्मलेल्या बाळांमध्ये तर ते जास्तच दिसतं. मेंदूची वाढ अगदी अपुरी असलेल्या एका बाळातही त्यांना ते दिसलं. म्हणजे विचार करणाऱ्या, चेहरे ओळखणाऱ्या वरच्या मेंदूची त्याला गरज नाही. ते ब्रेनस्टेममधून, मेंदूच्या खालच्या देठातून येतं, जिथून श्वास आणि चोखणं चालतं.

म्हणजे खोटं हसू? तसंही नाही. मायामी युनिव्हर्सिटीचे डॅनियल मेसिंजर यांनी २००२मध्ये दाखवलं की झोपलेल्या नवजात बाळांच्या हसण्यात गाल वर चढतात आणि डोळ्यांभोवतीचा स्नायूही आकसतो. फोटोसाठी 'चीज' म्हणताना आपला जो स्नायू हमखास दगा देतो, तोच. चेहऱ्याची सगळी यंत्रणा पहिल्या दिवसापासून फिट असते. फक्त तिच्यामागे अजून कुणाला बघून झालेला आनंद नसतो.

मग हा खटाटोप कशासाठी? १९६६मध्ये हॉवर्ड रॉफवार्ग, जोसेफ मुझिओ आणि विल्यम डिमेंट यांनी कल्पना मांडली की रेम झोप म्हणजे वाढत्या मेंदूनं स्वतःच स्वतःला दिलेली चालना. बाहेरच्या जगाचा अनुभव अजून नाही, तर आतूनच सिग्नल पाठवून वायरिंग तयार करायचं. आयोवा युनिव्हर्सिटीचे मार्क ब्लमबर्ग यांनी उंदरांच्या पिल्लांवर केलेलं कामही याच दिशेनं जातं. झोपेत पिल्लाचा पाय किंचित उडतो, त्याची खबर उलट मेंदूकडे जाते आणि कुठली तार कुठे जोडली आहे हे मेंदूला कळत जातं.

हे सगळं मी जिजूंना सांगितलं, तेव्हा त्यांनी क्षणभर विचार केला आणि म्हणाले, "म्हणजे टेस्टिंग सुरू आहे. अजून लाइव्ह गेलेली नाही." आयटीवाल्याशी लग्न केलं की असं चालायचंच.

पण मग बाळाला स्वप्न पडत नाही? डेव्हिड फोक्स या मानसशास्त्रज्ञानं तीन ते पाच वर्षांच्या मुलांना रेम झोपेतून उठवून काय दिसलं ते विचारलं. बहुतेक वेळा काहीच नाही. ज्यांनी सांगितलं त्यांनी एखादं स्थिर चित्र सांगितलं, एखादा प्राणी वगैरे. गोष्ट नाही, त्यात स्वतः ते नाहीत. तिसऱ्या वर्षी ही अवस्था, तर अकराव्या दिवशी चिऊ ताईशिवायच्या सुखी आयुष्याची स्वप्नं बघत असेल, हे अवघडच.

माझा सगळ्यात आवडता पुरावा जपानचा. क्योटो युनिव्हर्सिटीच्या संशोधकांनी चिंपांझीची पिल्लं रात्र रात्र जागून पाहिली. तीही झोपेत हसतात. मग फुमितो कावाकामी आणि सहकाऱ्यांनी जपानी मकाक माकडांची सात नवजात पिल्लं पाहिली. सातही हसली! ही पिल्लं आईला इम्प्रेस करत होती, असं म्हणायला त्यांना काही आधार दिसला नाही. त्यांच्या मते हा गालांच्या स्नायूंचा व्यायाम असावा. मी हे आजीला सांगितलं. "त्यांचीही सटवाई असेल," ती म्हणाली. यावर काय बोलणार!

खरं हसू कुणाच्या वाट्याला?

जागेपणी, समोरच्या चेहऱ्याकडे बघून येणारं हसू साधारण सहा ते आठ आठवड्यांत येतं. चार्ल्स डार्विननं स्वतःच्या मुलांवर डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवलं होतं. त्याच्या नोंदीत एक मूल पंचेचाळिसाव्या दिवशी हसलं, दुसरं सेहेचाळिसाव्या. जन्मापासून दिसत नसलेली बाळंही साधारण याच सुमारास आईच्या आवाजाला हसून दाद देतात. हे हसू जसजसं वाढतं, तसतसं झोपेतलं कमी होत जातं. एकदम बंद मात्र होत नाही.

ताईनं मोबाइलच्या कॅलेंडरवर सहावा आठवडा मार्क करून ठेवला होता. तो आला आणि गेला. चिऊ पंख्याकडे टक लावून बघायची, खिडकीकडे बघायची, ताईच्या केसांच्या रेषेकडे बघायची. हसायची मात्र झोपेतच. घरातले सगळे "हसली, हसली!" म्हणून धावायचे आणि ताई उठून लंगोट वाळत घालायला जायची. अंघोळ घालायला येणाऱ्या मावशींनी एकदा मला बाजूला घेऊन सांगितलं, "ताईंकडं बघा जरा. बाळ ठीक हाय."

मावशींना जे दिसलं ते मला दिसलं नव्हतं. मी रिसर्च पेपर वाचत होते.

लसीकरणाला गेलो तेव्हा डॉक्टरांनी चिऊला तपासून झाल्यावर ताईला विचारलं, "डिलिव्हरीची तारीख कधीची होती?" चिऊ चार आठवडे आधी आली होती. "मग तिचे चार आठवडे वजा करा. हसण्याचं घड्याळ जन्मतारखेवर नाही, गर्भ राहिल्यापासून चालतं. तुमचं सहा आठवड्यांचं बाळ अजून दोन आठवड्यांचंच आहे." पूर्ण दिवसांचं बाळ तीन महिन्यांचं होऊनही चेहऱ्याकडे बघून हसत नसेल तर दाखवून घ्यावं, हेही त्यांनी सांगितलं. आणि मग दुसरा प्रश्न. "तुम्ही कशा आहात?" ताई तिथेच रडायला लागली.

बाळंतपणानंतर पहिले काही दिवस रडू येणं अगदी कॉमन आहे. ते दोन आठवड्यांच्या पुढे गेलं, झोपायची संधी मिळूनही झोप लागेना, बाळाला आपण नकोच आहोत असं वाटायला लागलं, तर तो मूड नव्हे, आजार असू शकतो. त्यावर उपचार आहेत. ताईचे सुरू झाले. सरकारची १४४१६ ही टेलिमानस हेल्पलाइन २०२२पासून आहे. आमच्या घरात ती कुणालाच माहीत नव्हती, मलाही नाही.

ह्यूस्टनच्या बेलर कॉलेज ऑफ मेडिसिनमध्ये लेन स्ट्रादर्न यांच्या टीमनं २००८मध्ये अठ्ठावीस नव्या आयांना स्कॅनरमध्ये झोपवून बाळांचे फोटो दाखवले होते. स्वतःचं बाळ हसताना दिसलं की मेंदूतली बक्षीस मिळाल्याचा आनंद देणारी केंद्रं उजळायची. आठवडेच्या आठवडे रात्रंदिवस काम करायचं आणि पगार नाही, अशी ताईची अवस्था होती. झोपेतलं हसू म्हणजे फार तर अ‍ॅडव्हान्स. तोही आपल्या नावाचा नाही, असं तिला वाटत होतं.

आणि जिजू? त्यांना कंपनीनं पाच दिवस सुट्टी दिली होती. आईला २०१७च्या दुरुस्तीनंतर पहिल्या दोन मुलांसाठी सव्वीस आठवड्यांची पगारी रजा मिळते. केंद्र सरकारी नोकरीतल्या बापाला पंधरा दिवस. खासगी कंपन्यांवर बापाच्या रजेचं कायद्याचं बंधन नाही. जिजू वाकडहून रात्री दहाला कोथरूडला यायचे, तेव्हा चिऊ झोपलेली असायची. त्यांना मुलगी माहीत होती ती फक्त हसणारी. ताईला रडणारी. एकाच पोरीबद्दल दोघं बोलतायत यावर कुणाचा विश्वास बसला नसता. डॉक्टरांनी सांगितल्यावर जिजू रात्री राहायला लागले आणि तीनच्या पाळीला उठायला लागले. तेव्हा त्यांनाही खरी चिऊ भेटली.

एकोणसत्तरावा दिवस. मंगळवार, सकाळी साडेनऊ. ताई लंगोट बदलत होती. केस पिंजारलेले, गाउनवर दुधाचा डाग. "किती गं शू करशील, बाई?" एवढंच म्हणाली. चिऊनं तिच्या तोंडाकडे बघितलं, नीट निरखून बघितलं आणि बोळकं पसरून हसली. ताईनं घाबरून मागे बघितलं, तिथे पंखा किंवा मी आहे का. मी दारात होते. "तुझ्याकडेच बघतेय," मी म्हटलं.

ताईनं जिजूंना फोन लावला. ते हिंजवडीत मीटिंगमध्ये होते.

"हसली," ती म्हणाली.

"झोपेत?"

"नाही. लाइव्ह गेली."

पन्नास मिनिटांनी बाइक खाली लागली. तोवर चिऊ झोपली होती, आणि उठवायला आजी कुणालाच हात लावू देईना. जिजू हेल्मेट मांडीवर घेऊन पाळण्याशेजारी बसले. साडेबाराला ती उठली, आधी रडली, मग दूध प्यायली. मग ताईनं तिला त्यांच्यासमोर धरलं आणि ते दोघं एकमेकांकडे बघत बसले.