मेलेला गडी जास्त लिहितो

कॉम्प्युटरवर शूटर गेम खेळणाऱ्याचा डावा हात डब्ल्यू, ए, एस, डी या चार कळांवर असतो, कारण पात्र त्यांनीच चालतं. उजवा हात माउसवर, नेम धरायला. आता सोबत्याला ‘मागून दोघं येतायत’ हे लिहून कळवायचं कोणत्या हातानं? चॅटची चौकट उघडली की चालायच्या त्याच कळा अक्षरं उमटवू लागतात आणि आपला गडी उघड्यावर उभा राहतो. समोरच्याला आणखी काय हवं?

सांघिक शूटरमधल्या चॅटचा सगळा आखूडपणा या अडचणीतून आलाय. १९९९ साली ‘हाफ-लाइफ’वर बेतलेला हौशी प्रयोग म्हणून आलेल्या ‘काउंटर-स्ट्राइक’नं त्यावर रेडिओचा तोडगा काढला. झेड, एक्स किंवा सी दाबायचं, मग एक आकडा, की ‘शत्रू दिसला’, ‘कुमक हवी’ असं तयार वाक्य संघाला ऐकू जातं. पण शत्रू दिसला कुठे, हे त्यात नेमकं येत नाही. ते काम खेळाडूंनी जागांना नावं पाडून भागवलं. ‘डस्ट २’ हा नकाशा ज्यांना पाठ आहे त्यांना नुसतं ‘लाँग’ किंवा ‘मिड’ पुरतं. ‘रश बी’ म्हटलं की पाचही जण बी जागेवर तुटून पडतात. आणखी एक गंमत म्हणजे सर्वांना लिहायची कळ वाय आणि फक्त संघाला लिहायची यू, अगदी शेजारी-शेजारी. बोट चुकलं की बेत थेट शत्रूच्या पडद्यावर.

निवांत लिहितो तो मेलेला. गोळी लागली की फेरी संपेपर्यंत त्याला फक्त बघायचं असतं. दोन्ही हात मोकळे, शिवाय आपल्याला कुठून टिपलं ही ताजी माहिती. पूर्वी बहुतेक सर्व्हरवर मेलेल्यांचं लिखाण मेलेल्यांनाच दिसे. पुढे ‘काउंटर-स्ट्राइक’च्याच ‘सीएस:गो’ या आवृत्तीच्या स्पर्धात्मक सामन्यांत ते जिवंत सोबत्यांनाही दिसू लागलं. ‘लाँगला एक, -८४’ म्हणजे तिथल्या शत्रूचं १०० पैकी ८४ बळ मी उतरवलंय, एक गोळी घाल. एवढ्या चार चिन्हांवर कितीतरी फेऱ्या फिरतात. फुकटचे सल्लेही इथूनच येतात, हेही खरं!

माइक आल्यावर हे सगळं संपायला हवं होतं. पण रात्री घरचे झोपलेले असतात, आणि आवाज ऐकताच सुरू होणारा त्रास नको म्हणून अनेक मुली माइक बंदच ठेवतात. ‘बीजीएमआय’सारख्या मोबाइल गेममध्ये दोन्ही अंगठे पडद्यावर गुंतलेले, म्हणून तिथे पुन्हा तयार वाक्यांची यादी. २०१९च्या ‘एपेक्स लेजेंड्स’नं तर अक्षरंच वगळली: समोर रोखून एक बटण दाबलं की शत्रू, बंदूक, जायची दिशा, सगळं सोबत्यांच्या पडद्यावर खुणेनं उमटतं. अनोळखी आणि एकमेकांची भाषा न समजणारे तिघंही त्यावर नीट खेळू शकतात. माझ्या मते या प्रकारातली ही सर्वांत शहाणी सोय.

कामाचं बोलणं असं खुणांकडे गेलं, आणि टाइप करायला उरले शिष्टाचार आणि शिव्या. सोबत्याचा प्रयत्न थोडक्यात हुकला की ‘एनटी’, म्हणजे नाइस ट्राय. सामना संपला की ‘जीजी’, गुड गेम. त्या जीजीला हिणवण्यासाठी ‘ईझी’ची, म्हणजे ‘सोपं होतं’ची, शेपटी जोडायची खोड फार. ‘ओव्हरवॉच’च्या कर्त्यांनी त्यावर बंदी घातली नाही. ते टाइप केलं की लिहिणाऱ्याच्याच नावानं भलतंच वाक्य झळकतं: माझी झोपायची वेळ टळून गेलीय, आईला सांगू नका.