मदतीच्या खेळाचा हिशेब

गावच्या वाचनालयास निधी मिळावा म्हणून नाटकाचा मदतीचा खेळ लावण्याची प्रथा महाराष्ट्रात जुनी आहे. परंतु सभागृह भरूनही निधीत काहीच भर पडली नाही, असे कधी कधी घडते. याचे कारण खर्चाच्या स्वरूपात असते.

सभागृहाचे भाडे व कलावंतांचे मानधन हा स्थिर खर्च होय. प्रेक्षक दहा येवोत वा तीनशे, तो तेवढाच राहतो. फराळाचा खर्च मात्र माणसागणिक वाढतो. तो बदलता खर्च होय.

समजा, स्थिर खर्च ३२,००० रुपये, तिकीट २०० रुपये आणि फराळ माणशी ४० रुपये आहे. म्हणजे प्रत्येक तिकिटामागे १६० रुपये उरतात. ३२,००० ला १६० ने भागले असता २०० येतात. तेव्हा २०० तिकिटे खपली, तर नफा नाही आणि तोटाही नाही. १५० च खपली, तर वाचनालयाचे ८,००० रुपये पदरचे जातात. ३०० खपली, तर १६,००० रुपये उरतात. प्रत्येक फुकट प्रवेशिकेमागे मात्र फराळाचे ४० रुपये अंगावर पडतात.

म्हणून सभागृह ठरविण्यापूर्वीच हा आकडा मांडून पाहावा. उत्साहाला हिशेबाची जोड मिळाली, तरच ग्रंथांच्या कपाटात भर पडते.